टेरेसच्या जिन्यावरचा दहीभात

आमच्या बिल्डिंगमधल्या भुताला दहीभात आवडायचा. दही आंबट झालेलं चालायचं नाही. ही माहिती मला शारजात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मिळाली, गॅसवाल्याचा नंबर मिळायच्याही आधी.

सांगणाऱ्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या उर्मिला वहिनी, बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. त्यांचे संजयराव कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये, दिवसभर साइटवर. मुलगा आरव नोकरीसाठी तिकडे खलिफा सिटीला, मुलगी केया शिकायला परदेशी. म्हणजे घर रिकामं आणि वेळच वेळ. आणि मी कोण, तर डब्यांचा धंदा करणारी बाई. दुबईचं भाडं झेपेना म्हणून शारजाच्या रोला भागातल्या या जुनाट चार मजली बिल्डिंगमध्ये आले, सगळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये. पहाटेपासून पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, यल्ला यल्ला करत ड्रायव्हरला हाकलायचं, मग कुठे दुपारी पाठ टेकायची. अशा बाईला भुताचं काय कौतुक सांगता!

पण वहिनी सांगत होत्या. "वर टेरेसच्या जिन्यात जाऊ नकोस हं मीनाक्षी. घरात कुणी आजारी पडलं, दृष्टबिष्ट लागली, तरच जायचं. उतारा ठेवायचा आणि सरळ खाली यायचं."

"वहिनी, उतारा तिकाटण्यावर टाकतात. जिन्यात नाही."

"अगं, इथे तिकाटण्यावर दहीभात टाकलास तर बलदियावाले फाइन मारतील. म्युनिसिपालिटी म्हणजे काय आपल्याकडची आहे का? आम्ही पहिल्यापासून वरतीच ठेवतो. फक्त एक कर. ठेवलं की वळून बघायचं नाही. बघितलं तर जे गेलं ते आपल्या पाठोपाठ परत येतं."

हा नियम मलाही ठाऊक होता. आजारी पोरावरून दहीभात ओवाळायचा, घराबाहेर नेऊन ठेवायचा, मागे न बघता यायचं, पाय धुऊन घरात शिरायचं. माझ्या आजीने केलेलं मी पाहिलंय. पण शारजात, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये, बायका अजून हे करतात म्हटल्यावर मला हसूच आलं.

वहिनींचं काही हसण्यावारी नव्हतं. त्या दर अमावस्येला वर जायच्या, घरात सगळे ठणठणीत असले तरी. जिन्यात लहान मुलीच्या हसण्याचा आवाज म्हणे त्यांच्या आरवने शाळेत असताना कितीदा ऐकला होता. पुढे केयाला टेरेसच्या दारात एक मुलगी दिसली होती, तिच्याच वयाची. मग काही वर्षांनी कुणाला तरी पाण्याच्या टाक्यांमागे केस वाळवणारी तरुण बाई दिसली.

"एक आहे की कुटुंबच आहे?" मी म्हटलं.

वहिनी हसल्या नाहीत. उठून पाणी आणायला आत गेल्या.

आता माझं सांगते. मी भुताबितांना भिणारी नाही, घरमालकाला भिते. पण इथल्या ऑगस्टातली दुपार तुम्ही बघितलीत का? बाहेर माणूस नाही, मांजर नाही. रस्ता नुसता पांढरा पडलेला. सगळ्या खिडक्या बंद, एसीची घरघर तेवढी. तशा एका दुपारी मी बाथरूममध्ये पाय धूत होते. वर डक्टची झडप असते ना, त्यातून कुणीतरी बोललं. अगदी हळू.

"अहो, ओला टॉवेल गादीवर टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

माझा आवाज! माझा, माझाच. सकाळी आमच्या जगन्नाथरावांवर मी जशी खेकसले होते तस्सा. 'किती'वर जोर तसाच, शेवटचा वैताग तसाच. मग जरा थांबून परत तेच वाक्य. कुणीतरी घोकत असल्यासारखं.

माझी अशी बोबडी वळली की नळ बंद करायचंही सुचलं नाही. संध्याकाळी रुचाला, माझ्या लेकीला, सांगितलं. ती इथेच वाढलेली. "मॉम, इट्स जस्ट एको," म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. सकाळच्या वाक्याचा एको दुपारी येतो का गं बये?

दुसरी गोष्ट जिन्याची. जिना रोज सकाळी लखलखीत झाडलेला असायचा. मला वाटायचं कंपनीचा माणूस येत असेल. आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, हमीद. स्वातचा म्हातारा पठाण. त्याला एकदा म्हटलं, तुमचा झाडूवाला छान काम करतो, पण दिसत कसा नाही? त्याने मान खाली घातली. म्हणाला, पहिले झुलेखा होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या जागी कुणाला घेतलेलंच नाही.

"मग झाडतं कोण?"

"अल्लाह जाने, आपा."

पुढे तो कायमचा गावी गेला. निघताना वर माझ्या दाराशी आला, पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "आपा, ऊपर का खयाल रखना." मी आपली पाण्याच्या टाकीचं समजले. म्हटलं, इन्शाल्ला, इन्शाल्ला, आणि मालकाच्या माणसाला फोन करून टाकीचं झाकण तपासायला सांगितलं. तो वर गेलाच नाही. त्यालाही कुणीतरी भुताचं सांगितलेलं होतं.

हमीद गेला आणि दोन-चार आठवड्यांनी रुचा तापाने फणफणली. क्लिनिक झालं, गोळ्या झाल्या, ताप काही हटेना. वहिनी दहीभात कालवूनच आल्या. पोरीवरून ओवाळला, ताटली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, चला, आई म्हणून एवढं करायला काय जातं? भर दुपारी वर गेले. शेवटच्या पायरीवर ताटली ठेवली, वळले, चार पायऱ्या उतरले.

आणि माझा स्वभाव आडवा आला. मला कुणी 'बघू नकोस' म्हटलं की माझी मान आपोआप वळते. लग्नातसुद्धा अंतरपाटावरून डोकावले होते मी.

मी वळून बघितलं.

टेरेसचं दार वीतभर उघडं होतं. फटीतून एक हात बाहेर आलेला, ताटलीवर. पांढराफटक, उन्हात कधी न गेलेला. हातामागे चेहरा, एका मुलीचा, विशी ओलांडलेल्या. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग ती बोलली. माझ्या आवाजात, माझ्या ढंगात.

"रुचाचा ताप उतरला का हो?"

देवाशपथ सांगते, मी भिंतीला धरून खाली बसले. तिनेही घाबरून हात मागे घेतला, तेव्हा ताटली कलंडली आणि दहीभात पायरीवर सांडला. ती पटकन खाली वाकली आणि तो भात बोटांनी गोळा करून तोंडात घालायला लागली. धुळीसकट. कुंकवासकट.

भुताला एवढी भूक नसते. माझी भीती कुठल्या कुठे गेली आणि असा संताप आला म्हणून सांगू! कुणावर, ते तेव्हा कळलं नाही. मी उठले, तिचा हात धरला आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवली.

तिचं नाव अजरा. झुलेखाची मुलगी. झुलेखा म्हसळ्याची, घरकामाला म्हणून इथे आलेली. मालकीण मारायची म्हणून पळाली, पासपोर्ट तिकडेच राहिला. एका ड्रायव्हरबरोबर निकाह झाला, त्याचा कागद नाही. तो पोर व्हायच्या आधीच निघून गेला. हमीदने दया येऊन टेरेसवरच्या जुन्या पंपाच्या खोलीत जागा दिली. तिथेच अजरा जन्मली. दवाखान्यात जायची सोय नव्हती, लग्नाचा दाखला मागतात. मग जन्माची नोंद नाही, म्हणून पासपोर्ट नाही, म्हणून व्हिसा नाही, म्हणून शाळा नाही. झुलेखा जिना झाडायची. जाता येता बायकांना सांगायची, "बाय, वर जाव नुको, वर काय तरी हाय." पोरगी कुणाला दिसू नये म्हणून. भूत तिनेच घातलं आमच्या बिल्डिंगमध्ये.

"आणि आत मी," अजरा म्हणाली. "अम्मी सांगायची, आवाज नाही करायचा. चालताना नाही, रडताना नाही. हसायचं असेल तर तोंडावर उशी."

ती बोलायला शिकली ती डक्टमधून. माझ्या आधी माझ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं, माझं, वहिनींचं, सगळ्यांचं बोलणं ऐकून घोकायची. म्हणून तिला स्वतःचा असा आवाजच नव्हता. पोळीला तूप मागायची ती माझ्या आवाजात, नको म्हणायची ती वहिनींच्या. रुचा पहिले दोन दिवस तिच्यासमोर बसेचना.

मग एके दिवशी झुलेखाला बसस्टॉपवर चेकिंगमध्ये पकडलं, परत पाठवलं. वर मुलगी आहे हे तिने सांगितलं नाही. कशी सांगणार? म्हसळ्याला जाऊन थोड्याच महिन्यांत ती वारली. ही बातमी हमीदने वर जाऊन दिली. त्याच्या दोन रोट्यांवर पोरगी जगली. तोही गेल्यावर दारांबाहेर टांगलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, आणि अमावस्येचा दहीभात. जिना मात्र ती रोज अंधारात झाडत राहिली. का, विचारलं तर म्हणाली, "अम्मीचं काम होतं ना."

मी देवदत्तला बोलावलं. त्याचं टायपिंग सेंटर आहे, सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देतो. मराठी मंडळातला सज्जन पोरगा, पण सहसा दहा गोष्टी बोलतो आणि एक करतो. त्या दिवशी त्याने अजराला चार प्रश्न विचारले आणि पेन खाली ठेवलं.

"मीनाक्षी वहिनी, ही इल्लीगल पण नाही हो," शेवटी म्हणाला. "इल्लीगल व्हायला आधी कुठल्या तरी देशाचा कागद लागतो. ही कुठेच नाही."

तेव्हा इथल्या सरकारची माफी चालू होती. कागद नसलेल्यांनी पुढे यायचं, दंड माफ, व्हिसा नियमित करून घ्या नाहीतर सुखाने घरी जा. मुदत संपत आलेली. देवदत्तने समजावलं ते असं. आधी आपल्या वकिलातीने मान्य करायला हवं की ही भारतीय आईची मुलगी. आईचा जुना पासपोर्ट नंबर म्हसळ्याहून मिळेल. पण ही तिचीच मुलगी हे कशावरून? एक तरी जुना शेजारी हवा, जो म्हणेल, हिला लहानपणापासून ओळखतो. आणि लहानपणीचा एखादा फोटो.

"आणि नाही झालं तर?"

"तर माफी संपली की कधीतरी पकडतील. मग बाकीच्यांना परत पाठवतात. हिला कुठे पाठवणार? जेलमधून सोडायलासुद्धा एक देश लागतो हो."

अजरा तिथेच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी तर आत जाऊन रडून आले.

जुना शेजारी म्हणजे उर्मिला वहिनी. दुसरं होतं कोण? मी तशीच खाली गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बाई हादरेल, रडेल, मग पदर खोचून उभी राहील. वहिनी नुसत्या बसून राहिल्या.

"मी तिला पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, इतकी वर्षं तुम्ही तिला जेवायला..."

"मी कधी वळून बघितलेलं नाही, मीनाक्षी. एकदाही नाही. खोटं कसं सांगू?"

"मग आरव, केया? त्यांनी पाहिली ना?"

"ती ही नव्हे." आता त्यांचा आवाज चढला. "वरची जी आहे ती माझी आहे. कळलं? कुणा झुलेखाची नाही."

आणि मग ते बाहेर पडलं, जे त्यांनी संजयरावांच्या समोरसुद्धा कधी काढलं नव्हतं. केयाच्या पाठची एक मुलगी. इथल्याच दवाखान्यात झाली, एक दिवस जगली. संजयराव एकटे जाऊन सगळं आटपून आले. बारसं झालेलं नाही म्हणून नाव नाही. तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं ठरलं. त्यानंतर काही वर्षांनी आरवला जिन्यातलं हसणं ऐकू यायला लागलं. लोकांना वाटायचं वहिनी भुताला भिऊन भात ठेवतात. त्या लेकीला जेवायला घालत होत्या.

त्या उठल्या, देवघरातल्या तसबिरीमागून एक फोटो काढून आणला. केयाच्या वाढदिवसाचा, जिन्यात काढलेला. पुढे केया केकची ताटली घेऊन. मागे वरच्या पायऱ्यांवर, कठड्याआडून बघणारी पाच-सहा वर्षांची मुलगी. अर्धा चेहरा. अंगात पिवळा फ्रॉक, छातीवर चुण्या.

"हा फ्रॉक मी शिवलेला," वहिनी म्हणाल्या. "ती असती तर पाच वर्षांची झाली असती, त्या दिवशी भाताबरोबर वर ठेवून आले. आठवड्याने हा फोटो निघाला. तिने घातला गं. माझ्या पोरीचा हा एकच फोटो आहे माझ्याकडे."

फोटोतली ती अजरा आहे, उताऱ्यावरचा फ्रॉक तिने उचलून घातला, हे शेंबडं पोरही सांगेल. हाच फोटो हवा होता आम्हाला. आणि तो मागणं म्हणजे त्या बाईची लेक दुसऱ्यांदा मारणं. मी गुपचूप वर आले. पण आतून चिडलेही होते. मेलेल्या पोरीसाठी जिवंत पोरीला बुडवायचं, हा कुठला न्याय? अजराला सगळं सांगितलं, फ्रॉकचं आणि फोटोचं तेवढं सोडून. त्या बाईचं तेवढं तरी झाकून ठेवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अजरा म्हणाली, "काकी, मी जाऊ का खाली?"

जन्मात तिने कुणाची बेल वाजवली नव्हती. मी तिच्यामागे जिन्यात उभी राहिले. तिने बेलवर बोट ठेवलं आणि दचकून काढून घेतलं. वहिनींनी दार उघडलं. समोर बघितलं आणि लगेच नजर खाली, फरशीकडे. सवयच ती.

अजरा काहीतरी ठरवून आली असणार, पण ऐन वेळी तिला एवढंच आलं. वहिनींच्याच आवाजात, कुजबुजत.

"खा गं माझे बाई. आई आलीय. सगळं खा हं."

वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली.

"तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायच्या," अजरा म्हणाली. "मला वाटायचं, मला म्हणताय."

वहिनींनी दार लावून घेतलं. मी म्हटलं, खलास. संपलं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचे डबे भरत होते तेव्हा त्या दारात उभ्या. इस्त्रीची साडी, कपाळाला टिकली, हातात पर्स घट्ट धरलेली. "गाडी कोण काढणार आहे?" म्हणाल्या. तरीही अजराकडे बघितलं नाही.

देवदत्तने गाडी काढली. दुबईपर्यंत ट्रॅफिक, नेहमीचंच. वकिलातीच्या मदत-टेबलाशी ही गर्दी. आमचा नंबर आला. टेबलामागचा अधिकारी दमलेला होता, पण वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींना हिंदीत विचारलं, "आपने इसको बचपन से देखा है?"

"देखा नहीं," वहिनी म्हणाल्या. देवदत्तने कपाळावर हात मारला. "देखते नहीं हमारे में. लेकिन खाना मैंने खिलाया है. छोटी थी तब से. मेरे हाथ का खाके बडी हुई है."

"कोई फोटो?"

वहिनींनी पर्स उघडली. फोटो काढला, पण टेबलावर ठेवेनात. अंगठा त्या अर्ध्या चेहऱ्यावरून फिरवत राहिल्या. मागची माणसं कुरकुरायला लागली, तरी अधिकारी थांबला. मग त्यांनी फोटो त्याच्यापुढे सरकवला.

"ये कौन है?"

वहिनी वळल्या. सगळा जन्म ज्या बाईने वळून बघितलं नव्हतं, ती वळली आणि अजराच्या तोंडाकडे नीट बघितलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, "ही. हीच आहे."



अधिकाऱ्याने फोटो उचलून अजराच्या चेहऱ्याशेजारी धरला. "आँखें तो वही हैं," म्हणाला. मग तिला विचारलं, "ये तुम हो?"

अजराने फोटो पहिल्यांदाच बघितला. तिचा चेहरा एकदम कोरा झाला. डोळे फोटोवरून हलेचनात. मला वाटलं, लहानपण बघून गहिवरली असेल. तिने वहिनींकडे बघितलं, परत फोटोकडे, आणि मान हलवली. हो.

त्याने फोटोची कॉपी काढून घेतली, फोटो परत दिला. वहिनींची सही झाली. पुढच्या आठवड्यात या, म्हणाला, होऊन जाईल. आणि झालंही ते, आता ती माझ्याकडेच कामाला आहे, रीतसर व्हिसावर. पण मला सांगायचंय ते त्या दिवशी परत येतानाचं.

शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. भर दुपार. देवदत्त पुढे स्टिअरिंगवर तबला वाजवत होता. मागे आम्ही तिघी, वहिनी मधे. त्या डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेल्या. एका दिवसात म्हाताऱ्या झाल्यासारख्या. फोटो पर्समध्ये होता आणि पर्स पायाशी, पडली तर पडली अशी.

"काकू," अजरा वहिनींना म्हणाली. या वेळी आवाज कुणाचाच नव्हता. बारीक, जरासा चिरका, मी कधी न ऐकलेला. "मी टेबलावर खोटं बोलले."

"काय गं?" मी म्हटलं.

"तो फोटो माझा नाही."

देवदत्तचा तबला थांबला. वहिनींनी डोळे उघडले.

"फ्रॉक मला आठवतो," अजरा म्हणाली. "पिवळा. भाताजवळ ठेवलेला. मला फार आवडला होता. पण अम्मीने हात लावू दिला नाही. म्हणाली, भूक आहे म्हणून अन्न खायचं, उताऱ्यावरचं कापड अंगाला लावायचं नाही. मी दाराच्या फटीतून दिवसभर बघत होते त्याच्याकडे. संध्याकाळी नव्हता."

"अगं, नेला असेल कुणीतरी," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "बिल्डिंगमध्ये पोरी थोड्या होत्या? असेल दुसरी कुणी फोटोत."

"असेल," अजरा म्हणाली. "पण जिन्यात मी कधी गेले नाही, काकी, अम्मी असेपर्यंत. दारापर्यंतच. आणि ते हसणं म्हणतात ना सगळे, तेही मी नव्हते. मी उशी घ्यायचे."

मी तिला स्वयंपाकघरात इतक्या दिवसांत हसताना पाहिलं होतं. तोंडावर हात, खांदे हलतात, आवाज शून्य. एसी थंडगार होता, तरी माझ्या मानेवर घाम आला. पुढच्या ट्रकचा लाल दिवा लागला, विझला.

वहिनींनी वाकून पर्स उचलली. फोटो काढला आणि मांडीवर ठेवून बघत राहिल्या. मग एक हात अजराच्या हातावर ठेवला. दुसरा फोटोवरून काढलाच नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं, असं मी कुणाचं बघितलेलं नाही.

"मीनाक्षी," त्या म्हणाल्या, "आज अमावस्या ना गं? घरी ताजं दही आहे का तुझ्याकडे?"